कॅटामरान भाड्याने घेताना
कॅटामरान म्हणजे दोन समांतर तळांवर डेक बसवलेली बोट. शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम्’, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. कॅरिबियनमधील ब्रिटिश व्हर्जिन बेटे हे अशा बोटी भाड्याने घेण्याचे जुने, नावाजलेले ठिकाण. बहुतेक बेटे इतकी जवळ की एकावरून दुसरे दिसते, आणि व्यापारी वारेही भरवशाचे. नाखवा नको असेल तर ‘बेअरबोट’ मिळते. मात्र शीड हाताळण्याचा अनुभव आधी लिहून द्यावा लागतो, वर अनामत रक्कम वेगळी. नवख्यांनी नाखवा घेतलेलाच बरा.

एकतळी बोटीइतकी कॅटामरान वाऱ्याने कलत नाही. टेबलावरचा चहाचा कप सहसा जागेवर राहतो. बूड उथळ असल्याने किनाऱ्याच्या बरेच जवळ नांगर टाकता येतो. अनेगाडा बेटाकडे जाताना मात्र सावध राहावे लागते. हे प्रवाळी बेट इतके सखल आहे की लांबून दिसतच नाही, आणि त्याच्या हॉर्सशू प्रवाळरांगेवर शेकडो जहाजे फुटली आहेत.

चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. सप्टेंबर २०१७ मधील इर्मा वादळाने येथील भाड्याच्या बोटी अक्षरशः एकमेकींवर रचल्या होत्या. डिसेंबर ते एप्रिल हा खरा हंगाम. भाडेही तेव्हाच चढे.