पोच नसलेले हुकूम

2001 साली आमच्या पुण्याच्या घरी टीपॉयवर चार रिमोट नांदत असत – टीव्हीचा, व्हीसीआरचा, व्हीसीडी प्लेअरचा आणि गाण्यांच्या यंत्राचा – आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत रबराने बांधलेल्या त्या चौघांची बटणे मिळून शंभरावर जात. त्यामुळे जिल्हा कचेरीच्या दफ्तरखान्यात तीस वर्षे रुमाल उलगडून हवा तो कागद न बघता काढून देणाऱ्या माझ्या वडिलांना, काचबिंदूने दृष्टी क्षीण झाल्यावर, संध्याकाळच्या बातम्या लावण्यासाठीसुद्धा घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागे. ही हाक मारणे आप्पांना फार जड जाई.

त्या सुमारास अमेरिकेहून आलेल्या माझ्या भाच्याने आपला जुना ‘पाम थ्री’ मला दिला. तळहातावर मावणारा हा संगणक 1998 साली बाजारात आलेला. 160 गुणिले 160 ठिपक्यांचा करडा पडदा, 16 मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला प्रोसेसर, 2 मेगाबाइट स्मृती आणि दोन बारीक सेल, एवढाच त्याचा सरंजाम. त्याच्या माथ्यावर मात्र गडद काचेची एक चिमुकली खिडकी होती. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडे, आणि असे दोन संगणक समोरासमोर धरले की एकातला नावपत्ता दुसऱ्यात जाई. 1993 साली स्थापन झालेल्या ‘इन्फ्रारेड डेटा असोसिएशन’ या मंडळाने ठरवलेल्या नियमांनुसार, सुमारे एक मीटर अंतरापर्यंत. रिमोटचे काम त्या खिडकीकडून कुणी अपेक्षिलेले नव्हते. ‘पॅसिफिक निओ-टेक’ या कंपनीच्या ‘ऑम्नीरिमोट’ नावाच्या प्रोग्रॅमने ते तिच्याकडून करून घेतले, आणि ते कसे करून घेतले हे समजल्यावर मला जो आनंद झाला तो आजही ओसरलेला नाही.

रिमोटमधला दिवाही अवरक्तच. पण घरातील बल्ब, ऊन, नळीचे दिवे या सर्वांतूनच अवरक्त प्रकाश सांडत असल्यामुळे, आपला प्रकाश त्या गर्दीत ओळखू यावा म्हणून रिमोट तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकवतो, आणि टीव्हीतला ग्राहक नेमक्या त्याच लयीला कान देऊन बाकी सारे सोडून देतो. (मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबले, तर पुष्कळदा ही लुकलुक पडद्यावर जांभळट दिसते, मुलांना जरूर दाखवावी.) या लयीचे लहानमोठे झोत आणि त्यांमधल्या शांतता यांतून हुकूम लिहिला जातो. जपानच्या एनईसी कंपनीने आखलेल्या आणि पुढे अनेकांनी उचललेल्या पद्धतीत आधी 9 मिलीसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलीसेकंदांची शांतता, त्यानंतर यंत्राचा पत्ता आणि तोच पत्ता उलटा करून, मग हुकूम आणि तोच हुकूम उलटा करून, असे 32 बिट जातात. म्हणजे कारकुनाने नकल करून मुळाशी रुजुवात पाहावी तशी व्यवस्था हुकुमातच केलेली असते. फिलिप्सची लय 36,000 ची आणि लिपी वेगळी, सोनीची 40,000 ची आणि लिपी आणखी वेगळी. एका घरातली चार यंत्रे चार भाषा बोलतात ती या कारणाने.

आता पामची खिडकी सेकंदाला जास्तीत जास्त 1,15,200 बिट पाठवू शके. तिच्या नियमात शून्य पाठवायचे तर एक स्पंद उमटे, एक पाठवायचे तर अंधार राही. 1,15,200 ला 3 ने भागले की 38,400 येतात. म्हणून आरंभीचा शून्य, मधले सात बिट आणि अखेरचा एक अशा नऊ बिटांच्या अक्षरात पहिले, चौथे आणि सातवे घर शून्याचे ठेवले, आणि तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहिले, तर दर तिसऱ्या घराला एक स्पंद उमटून रिमोटची लय आपोआप सिद्ध होते. तेच अक्षर 115 वेळा पाठवले की 9 मिलीसेकंदांचा तो लांब झोत झाला; शांतता हवी तेथे संगणकाने नुसते थांबायचे. नावपत्ते पोचवण्यासाठी नेमलेल्या जासुदाच्या तोंडी, त्याला अर्थ न कळता, परराज्याची भाषा घालावी तसे हे होते.

उणीव होती ती प्रकाशाच्या बळाची. रिमोटचा प्रत्येक स्पंद आठ-नऊ मायक्रोसेकंदांचा, तर पामचा जेमतेम 1.6 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सुमारे एक पंचमांश; शिवाय टीव्हीचा ग्राहक सहसा 940 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशासाठी घडवलेला आणि पामचा दिवा 850 ते 900 मधला. परिणामी आमच्याकडे चार-पाच फुटांपलीकडे हुकूम पोचत नसे. पुढे 2002 च्या सुमारास एचपीच्या काही ‘आयपॅक’ संगणकांत खास रिमोटसाठी जोरकस दिवा आणि ‘युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स’ कंपनीचा ‘नेव्हो’ हा प्रोग्रॅम आला, तेव्हा ही उणीव राहिली नाही. आम्हाला मात्र ती कधी जाचली नाही, कारण आप्पा तसेही खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढून बसत.

चारही रिमोट एकेक करून पामसमोर धरून मी त्यांचे हुकूम त्याला शिकवले आणि पडद्यावर फक्त चार मोठे चौकोन आखले. त्या यंत्रात देवनागरी अक्षर नव्हते, म्हणून आकड्यांवर भागवले: एक म्हणजे बातम्या, दोन म्हणजे नाट्यगीतांची व्हीसीडी, तीन म्हणजे आवाज वाढवणे, चार म्हणजे कमी करणे. दोनच्या चौकोनामागे सहा हुकूम ओळीने लावलेले होते – टीव्ही चालू, प्लेअर चालू, मग जोडणी बदलणे, आणि पुढचे – मध्ये सेकंदा-सेकंदाची विश्रांती देऊन.

पहिल्याच संध्याकाळी त्याने दगा दिला. टीव्ही आधीच चालू होता, आणि चालू करण्याचा व बंद करण्याचा हुकूम एकच असल्यामुळे तो बंद झाला, प्लेअर मात्र सुरू झाला, आणि काळ्या पडद्यासमोर आप्पा बोट उचलून बसून राहिले. मी खजील होऊन कारण सांगू लागलो, की हा प्रकाश एकाच दिशेने जातो, टीव्ही उलट काहीच कळवत नाही. “म्हणजे पोच येत नाही,” आप्पा म्हणाले, “आणि पोच नसताना तू तामिली झाली असं गृहीत धरलंस. अरे, मामलेदार कचेरीतला पोरगासुद्धा असं करायचा नाही.”

त्यांनीच तोड काढली. कुठलाही चौकोन दाबण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून पाहायचा. ऊब असेल तर यंत्र चालू. त्याप्रमाणे मी पाचवा चौकोन आखला, ज्याच्या हुकुमात टीव्ही चालू करण्याचा भाग नव्हता. पुढे यंत्रे एचडीएमआय तारेने जोडली जाऊ लागली आणि तिच्यातून एक यंत्र दुसऱ्याला ‘तू चालू आहेस का’ असे विचारू शकते व उत्तर घेऊ शकते, हे वाचले तेव्हा मला प्रथम आप्पांचा तो हात आठवला. आज काही मोबाइल फोनांत पुन्हा अवरक्त दिवा दिलेला असतो, यंत्रांच्या याद्याही तयार मिळतात. परंतु एका विशिष्ट माणसाच्या बोटाच्या मापाचे पाच चौकोन आखून देण्याची मुभा त्या जुन्या करड्या पडद्याने जितक्या उदारपणे दिली, तितकी मला त्यांत अद्याप आढळली नाही.

पाम थ्रीची स्मृती सेलांवरच जगे. बदलायला सेल काढले की सुमारे मिनिटभर ती टिके, मग सारे पुसले जाई; म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आप्पा नवे सेल हातात तयार धरून बसत आणि मी जुने काढीत असे. ते गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी तो कपाटातून काढला तेव्हा सेल संपलेले होते. नवे घातल्यावर पडदा उजळला आणि त्याने, पहिल्या दिवशी विचारतो तसे, आजची तारीख विचारली.