स्वतःला तोतया समजणारी खरी माणसे: इम्पोस्टर सिंड्रोमविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत वावरलेल्या इसमामुळे ‘तोतया’ हा शब्द मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे; तोतया जाणूनबुजून खोटे रूप घेतो. ‘इम्पोस्टर सिंड्रोम’मध्ये नेमके उलटे घडते, कारण तेथे पात्रता अस्सल असूनही ती व्यक्ती स्वतःलाच तोतया समजते आणि आपले बिंग आज ना उद्या फुटेल या धास्तीत वावरते.

गैरसमज: हा एक मानसिक आजार आहे.
वस्तुस्थिती: पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अनुभवाचे प्रथम वर्णन केले, तेव्हा त्यांनी ‘सिंड्रोम’ऐवजी ‘फिनॉमिनन’, म्हणजे अनुभवप्रकार, असा शब्द योजला होता; मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणातही त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान नाही. मात्र चिंता आणि नैराश्य त्याच्या जोडीने आढळतात, म्हणून झोप किंवा दैनंदिन कामे बिघडू लागल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

गैरसमज: हा अनुभव केवळ स्त्रियांना येतो.
वस्तुस्थिती: मूळ अभ्यास दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांविषयी असल्याने हा समज रूढ झाला. पुढे २०२० मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांपैकी स्त्री-पुरुष तुलना करणाऱ्या ३३ अभ्यासांत १६ मध्ये स्त्रियांत प्रमाण अधिक दिसले, तर १७ मध्ये फरक आढळला नाही.

गैरसमज: आणखी यश मिळाले की शंका आपोआप विरते.
वस्तुस्थिती: परिषदेत निबंध वाचायचा असलेली संशोधिका रात्र रात्र जागून गरजेपेक्षा कितीतरी अधिक तयारी करते, किंवा भीतीपोटी काम टाळत राहून अखेरच्या घटकेला ते कसेबसे उरकते. निबंध वाखाणला गेला तरी पहिल्या प्रकारात ती श्रेय निव्वळ कष्टांना देते आणि दुसऱ्या प्रकारात नशिबाला, त्यामुळे बुद्धीच्या खात्यावर काहीच जमा होत नाही आणि पुढच्या निबंधाच्या वेळी तेच चक्र नव्याने सुरू होते.

गैरसमज: दोष व्यक्तीचाच असल्याने तिने आत्मविश्वास वाढवावा, एवढे पुरे.
वस्तुस्थिती: जेथे आपल्यासारखे कोणी दिसत नाही, आणि जेथे पात्रता पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, तेथे ही शंका बळावते, त्यामुळे ते वातावरण सुधारणे ही संस्थेचीही जबाबदारी आहे. व्यक्तीसाठी क्लॅन्स आणि आइम्स यांनी सुचवलेला एक उपाय म्हणजे मिळालेली प्रशंसा लिहून ठेवणे आणि ती आपण कोणत्या सबबीने नाकारली, याचीही नोंद करणे. गटात बोलण्यावर त्यांनी विशेष भर दिला, कारण समोरची कर्तबगार स्त्री स्वतःला अपात्र म्हणवते तेव्हा तिची चूक ऐकणारीला तत्काळ दिसते, आणि तोच न्याय आपल्यालाही लागू पडतो हे मग तिला नाकारता येत नाही.