कान्हेरीची टाकी

आपण मुंबईच्या उपनगरांत राहतो. जंगल पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये जे डोंगर उभे आहेत, तिथेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेला, महामार्गालगत आहे. अंधेरीहून गाडीने सरळ उत्तरेकडे गेले की झाले. घाटकोपरकरांना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता सोयीचा आहे. मुलुंडकरांची मात्र गंमत होते. डोंगर त्यांच्या खिडकीतून दिसतो, पण दारापर्यंत पोहोचायला त्यांना मोठा वळसा घालावा लागतो!

प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. एका काळ्या खडकाच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे काम सुरू झाले आणि पुढे कित्येक शतके येथे बौद्ध भिक्षू राहिले. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील उंच मूर्ती पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. तुम्ही तसे करू नका. तुम्ही एक प्रश्न मनात घेऊन जा : एवढी माणसे या उघड्या खडकावर प्यायला पाणी कोठून आणत असतील?

आपल्याकडे पाऊस भरपूर पडतो, पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. शिवाय खडकावर पडलेले पाणी फारसे मुरत नाही, ते वाहून जाते. म्हणजे पावसाळ्यात धबधबे आणि एप्रिल-मे महिन्यांत वाळवंट, अशी या डोंगराची स्थिती असते.

याचे उत्तर लेण्यांच्या दाराशीच आहे. अनेक लेण्यांच्या अंगणात, एका बाजूला, खडकात चौकोनी तोंड कोरलेले दिसेल. ते पाण्याचे टाके आहे. नंतर मान वर करून पाहा. डोंगराच्या माथ्यावर आणि उतारावर खडकात बारीक पन्हळी खोदलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून वाहत येते आणि टाक्यात पडते. टाक्याचे तोंड लहान असते आणि आतली जागा मोठी असते. वर दगडाचेच छप्पर असल्यामुळे पाण्याला ऊन लागत नाही आणि त्याची वाफ कमी होते.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. मुंबईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. मग दहा चौरस मीटर खडकावर, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढ्या जागेवर, वीस हजार लिटर पाणी पडते. ते सगळे साठवता आले, तर आठ महिने रोज ऐंशी लिटरांहून अधिक वापरता येईल. आपल्या चाळीतल्या नळाला पाणी येत नाही, त्या दिवशी हा आकडा आठवून पाहा.

ही टाकी कोणी खोदवली, हेही तिथेच कोरलेले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने असे टाके दान दिल्याची नोंद आढळते. राजे आणि मोठे व्यापारी यांच्याबरोबर साध्या कारागिरांनीही पाण्यासाठी पैसा दिला, ही गोष्ट मला तिथल्या मूर्तींपेक्षाही मोठी वाटते.

राजस्थानच्या वाळवंटात पावसाचे पाणी साठवण्याच्या अशाच टाक्याला ‘टांका’ म्हणतात. तो शब्द आणि आपला ‘टाके’ किती जवळचे आहेत, पाहा. तुमचा ‘हौज’ आणि मराठीचा ‘हौद’ तर एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडेलच असे नाही. तरीही तिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत.

याच जंगलात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आहेत. त्यांचे पाणी आजही मुंबईला मिळते. मात्र शहराची तहान आता एवढी वाढली आहे, की बहुतेक पाणी दूरच्या भातसा, वैतरणा या नद्यांवरील धरणांतून आणावे लागते.

सोमवारी उद्यान बंद असते. आत वाहने नेण्याचे नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशद्वारावर आधी चौकशी करा. खाण्याची पिशवी हातात लटकवू नका, माकडे ती हिसकावून घेतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. टाक्यात वाकून पाहू नका आणि त्यात खडे टाकू नका. जंगलात बिबटे आहेत, तेव्हा दिवस मावळण्यापूर्वी बाहेर पडा. शक्य झाले तर दोनदा जा, एकदा ऑक्टोबरमध्ये आणि एकदा मे महिन्यात. भर उन्हाळ्यातही काही टाक्यांत पाणी शिल्लक असते. ते कोणत्या लेण्यांजवळ आहे, हे वहीत लिहून आणा. वर्गात आपण त्याचा नकाशा काढू.