गाडीतलं गाणं (भाग ५) : आधी दार, मग दणका

गेल्या आठवड्यात पाकिटाला हात न लावता जे करता येतं ते केलं. लाउडनेस बंद केला, बेस आणि ट्रेबल शून्यावर आणले, फेडर पुढे सरकवला, ब्लूटूथऐवजी यूएसबीवरून तेच गाणं लावून फरक ऐकला. आता खर्चाकडे वळू. दहा हजार रुपये बाजूला काढले आहेत असं धरा. ते कुठे घालायचे?

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन हा प्रश्न विचारलात, तर बहुधा पहिलं बोट मोठ्या टचस्क्रीनकडे जाईल आणि दुसरं मागच्या काचेखाली बसणाऱ्या लांबट सहा-बाय-नऊ स्पीकरकडे. दोन्ही वस्तू डोळ्यांत भरतात, मित्रांना दाखवता येतात. आवाज जिथून सुधारतो ती जागा मात्र कुणाला दाखवता येत नाही. ती असते पुढच्या दोन दारांच्या पोटात. दहा हजारांतला प्रत्येक रुपया तिथेच जायला हवा आणि त्यातले निम्म्याहून जास्त स्पीकरवर नव्हे, खुद्द दारावर. असं का, ते आता पाहू.

खोक्यावरचे पन्नास

नव्या स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं ठळक छापलेलं असतं. हे पन्नास येतात कुठून ते मांडून पाहता येतं. इंजिन चालू असताना गाडीच्या तारांत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओतली ॲम्प्लिफायरची चिप तेवढ्यावरच चालते. व्होल्ट वाढवण्याची वेगळी सोय तिच्यात नसते. समोर ४ ओहमचा स्पीकर. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा : ५१.८ वॅट. झाले पन्नास.

मेख अशी, की हा हिशेब फक्त चौकोनी लहरीला लागू पडतो. म्हणजे चिप पार शेवटच्या टोकापर्यंत ताणली गेली आणि गाण्याचा चोथा झाला, तरच. स्वच्छ, गोलाईदार लहर हवी असेल तर आकडा निम्मा होतो, २६. चिप स्वतः जे खाते ते वजा केलं की हाती उरतात २० च्या आसपास. कंपनीने दिलेल्या साध्या स्टिरिओतही बहुतेकदा याच जातीची चिप असते. त्यामुळे पडदा पाच इंचांवरून नऊ इंचांवर गेला तरी ताकद आहे तिथेच राहते. शिवाय आजच्या गाड्यांत स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, काही ठिकाणी एसीची सेटिंगसुद्धा त्याच पडद्यात गुंफलेली असतात. तो उपटून काढताना यातलं काय बंद पडेल, हे आधी विचारून घ्यावं लागतं.

आणि २० वॅट पुरतात. काचा बंद असलेल्या गाडीत नेहमीच्या ऐकण्याला एक-दोन वॅट लागतात; उरलेले ढोलाच्या ठोक्यासाठी राखीव. खरी अडचण हे वॅट वाया घालवणाऱ्या स्पीकरची आणि त्याहून जास्त, त्याला धरून ठेवणाऱ्या दाराची आहे.

स्पीकर घेताना

मूळ स्पीकर काढून हातात घेतलात की कंपनीने पैसे कुठे वाचवले ते कळतं. चुंबक नाण्यांच्या चळतीएवढं, चौकट प्लॅस्टिकची, आणि वेगळ्या ट्विटरऐवजी कित्येकदा मधोमध चिकटवलेला छोटा कागदी शंकू. कागदाला मात्र नावं ठेवायचं कारण नाही. उत्तम स्पीकरांतही कागदाचा कोन असतो. कमी पडतं ते चुंबक.

नवा स्पीकर घेताना ‘३०० वॅट’ हा आकडा सोडून द्या. स्पीकर जास्तीत जास्त किती सोसेल एवढंच तो सांगतो आणि आपण देणार आहोत वीस. बघायचा तो सेन्सिटिव्हिटीचा आकडा, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा फरक. ८८ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट देऊन जो आवाज निघेल, तोच ९१ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये काढतो. म्हणजे योग्य स्पीकर निवडणं हेच फुकटात मिळालेलं ॲम्प्लिफायर. इथेही एक चलाखी चालते. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की होतात २ वॅट आणि आकडा आपोआप तीनने फुगतो. तुलना करताना मोजमाप एकच आहे ना, ते पाहून घ्या. ओहमही बघा. कंपनीच्या स्टिरिओवर ४ ओहमचेच स्पीकर लावावेत. २ ओहमचे लावले तर चिप तापते.

कोॲक्सिअल घ्यायचा की कॉम्पोनंट, हे दुकानदाराऐवजी गाडीला विचारा. बारीक, उंच पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो. कोॲक्सिअलचा ट्विटर वूफरच्याच मधोमध, म्हणजे दारात बसलेला, त्यामुळे तो तुमच्या गुडघ्यांशी बोलत असतो. आरशाच्या आतल्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात कंपनीने ट्विटरची जागा ठेवली असेल, तर कॉम्पोनंट सेट घ्या : वूफर दारात, ट्विटर वर, आणि दोघांत काम वाटून देणारा क्रॉसओव्हर. अशी जागा नसेल तर कोॲक्सिअल ठीक. मात्र वर कंपनीचा जुना ट्विटर चालू ठेवून दारात कोॲक्सिअल बसवू नका. दोन ट्विटर एकाच वेळी वाजले की ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात.

मागच्या स्पीकरना हात लावायची गरज नाही. मैफलीला आपण गवयाकडे पाठ करून बसत नाही. गाणारा समोर असायला हवा आणि त्यासाठी पुढची जोडीच लागते.

दाराचं पोट

आता मुख्य काम. घरातला स्पीकर लाकडी पेटीत बसलेला असतो. गाडीत ती पेटी म्हणजे दार. फक्त हे दार पेटी म्हणून कुणी बनवलेलंच नाही. बाहेरचा पत्रा पातळ आहे, आतल्या पत्र्याला काच-मशीन बसवायला मोठमोठी भोकं आहेत, आणि कित्येक गाड्यांत त्या भोकांवर फक्त प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला आहे.

स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दोन लहरी एकमेकींच्या नेमक्या उलट. डग्ग्याचा घुमारा ज्या खालच्या पट्टीत असतो तिथे, समजा १०० हर्ट्झला, लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे वीतभर अंतरावरचं भोक म्हणजे काहीच नाही. मागची लहर त्या भोकातून वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लहरीला गिळून टाकते. ३,००० हर्ट्झला लहर जेमतेम ११ सेंटीमीटरची असते, त्यामुळे वरच्या स्वरांचं असं सरसकट नुकसान होत नाही. म्हणूनच नवे, महागडे स्पीकर उघड्या दारात बसवले की आवाज चकचकीत होतो पण पातळ राहतो आणि मालक म्हणतो, ‘बेस कुठे गेला?’ बेस तयार झालेला असतो. तो दारातच मेलेला असतो.

यासाठी तीन कामं करायची. पहिलं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ब्यूटाइलचं डॅम्पिंग शीट. वरून ॲल्युमिनिअमचं पान असलेलं हे रबरी शीट पत्र्याची थरथर स्वतःत घेऊन तिची उष्णता करून टाकतं. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. पत्र्याच्या मधल्या सपाट भागाला तीसेक टक्के झाकलं तरी काम होतं. बोटाने टिचकी मारून बघा : आधी ‘टण्’ वाजणारं दार आता ‘थप्’ वाजेल.

दुसरं काम सर्वांत मोलाचं : आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद करणं. नुसतं डॅम्पिंग शीट भोकावर ताणलं तर ते स्वतःच कोनासारखं हलू लागतं. भोकाच्या आकाराचा ॲल्युमिनिअमचा पत्रा कापून स्क्रूने बसवायचा आणि मग वरून शीट. स्क्रूच वापरा, रिपीट नको. उद्या काच अडकली तर उघडता आलं पाहिजे.

तिसरं, स्पीकरभोवती फोमची कडी. ती स्पीकर आणि दाराची ट्रिम यांच्यातली फट बुजवते, म्हणजे आवाज जाळीतूनच बाहेर येतो, ट्रिमच्या मागे हिंडत बसत नाही. लॉकच्या सळ्यांना आणि लोंबणाऱ्या वायरींनाही फोम गुंडाळला की खडखड थांबते.

पाऊस, ऊन आणि एअरबॅग

काचेच्या रबराखालून पावसाचं पाणी दारात जातंच. ते आतून ओघळून दाराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. ही खालची भोकं कधीही बुजवू नका. बुजवलीत तर कोकणातला एक पावसाळा दार कुजवायला पुरेसा आहे. मूळ स्पीकरच्या मागे प्लॅस्टिकची छत्री असेल तर ती नव्यालाही लावून घ्या. स्पीकरखालची रिंग एमडीएफची असेल तर नाकारा. एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. प्लॅस्टिकची रिंग मागा.

डांबराच्या शीटपासूनही लांब राहा. छपराच्या गळतीला लावायची टेप स्वस्त पडते म्हणून काही जण तीच दारात लावतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डांबर मऊ पडतं, घसरतं आणि वासाने गाडीत बसवत नाही. शीट घेताना ‘ब्यूटाइल’ असं लिहिलेलं पाहून घ्या.

आणि एक गंभीर सूचना. बाजूच्या एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत पुढच्या दाराच्या पोटात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. धडक बसून दार चेपलं की आतला दाब अचानक वाढतो आणि त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. तुमच्या गाडीत असा सेन्सर आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय दार उघडू नका. असेल तर मूळ सीलबंदी आहे तशी ठेवा आणि फक्त स्पीकर बदला. चांगल्या आवाजासाठी ही जोखीम घ्यायची नसते.

दहा हजारांची वाटणी

पुढची जोडी : ४,५०० रुपये. ब्यूटाइल शीट आणि ॲल्युमिनिअमचा पत्रा : ३,०००. रिंगा, फोम आणि मूळ वायर न कापता जोडणारे कपलर : १,०००. मजुरी : १,५००. पैसे कमी पडले तर स्पीकर एक पायरी खालचे घ्या. दाराच्या तीन हजारांना कात्री लावू नका.

कपलरचे पैसेही वाचवू नका. मूळ वायर कापून पिळ मारून दिली तर पुढे वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा मिळते. कपलरने बसवलेला स्पीकर गाडी विकताना काढूनही घेता येतो. काम देताना दुकानात तीन वाक्यं आधीच बोलून ठेवा : वायर कापायची नाही, काच पूर्ण खाली घेऊन ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही ना हे दाखवायचं, आणि प्लस-मायनस तपासून द्यायचं.

शेवटचं वाक्य क्षुल्लक नाही. दोनपैकी एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज पुन्हा नाहीसा होतो, दारावरची सगळी मेहनत पाण्यात. तपासणी सोपी आहे. वायर जोडण्याआधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरला क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर उसळला पाहिजे. गाडीत बसवून झाल्यावर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून ऐका; ज्या जोडणीत बेस भरीव वाटेल ती बरोबर.

पैसे देण्याआधी ऐका

दुकानदार त्याच्या पेनड्राइव्हवरचं, धमाधम बेसचं गाणं लावेल. त्याला नम्रपणे थांबवा. दोन गोष्टी स्वतःच्या घेऊन जा. एक, तबल्याचा एकलवादनाचा तुकडा. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा घुमारा वर चढतो; ती चढण सलग ऐकू आली पाहिजे. मध्येच एखादा स्वर फुगला किंवा दार थरथरलं तर काम अर्धवट आहे. दुसरी, ‘सैराट’ची (२०१६) गाणी. अजय-अतुल यांनी त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं होतं. व्हायोलिनचा ताफा आणि गाणाऱ्याचा आवाज एकमेकांत न मिसळता, डॅशबोर्डच्या उंचीवर उभे राहिले पाहिजेत. गाणं पायाशी वाजतंय असं वाटलं तर ट्विटरची दिशा बदलून घ्या. इंजिन चालू ठेवून, काचा लावून, नेहमीच्या आवाजात ऐका आणि मगच पैसे द्या.

पुढच्या भागात वीस वॅटांची हद्द ओलांडायची आहे : छोटं ॲम्प्लिफायर आणि सीटखाली मावणारा सबवूफर. तिथे प्रश्न आवाजाचा कमी आणि विजेचा जास्त आहे, कारण थेट बॅटरीवरून तार ओढावी लागते आणि बॅटरीजवळ फ्यूज नसलेली तार म्हणजे आगीला आमंत्रण. तोवर एक काम करून ठेवा. बॅटरीपासून ड्रायव्हरच्या सीटखालपर्यंत, वळणावळणाने, किती फूट तार लागेल ते मोजा आणि सीटखालची मोकळी उंची टेपने बघा. या दोन आकड्यांवरच पुढचं अंदाजपत्रक ठरणार आहे.