सांडपाण्यावरची भाजी

बंगळुरू शहरातच उगम पावणारी वृषभावती नदी पुढे अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. शहर वाढत गेले, तसे घरांचे व कारखान्यांचे सांडपाणी या नदीत येऊ लागले. हेच पाणी शहराबाहेरील बैरमंगल तलावात पोहोचले आणि त्याच्या आसपासची शेती अनेक वर्षे या पाण्यावर भिजत आली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सांडपाणी टाकाऊ नसते. ते बारमाही मिळते. त्यात नत्र व स्फुरद असल्याने खताचा खर्चही कमी होतो. परंतु कारखान्यांचे पाणी मिसळले की त्यासोबत शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू येतात आणि मातीत साचत राहतात.

हे धातू भाजीत कसे शिरतात? मुळे पाण्यात विरघळलेली खनिजे शोषून घेतात. कॅडमियमचे गुणधर्म जस्ताशी मिळतेजुळते असतात. म्हणून जस्ताच्याच वाटेने ते झाडात प्रवेश करते आणि पानांपर्यंत पोहोचते. शिसे बहुतांशी मुळांतच अडकते. त्यामुळे पालकासारख्या पालेभाज्यांत कॅडमियम अधिक, तर फळभाज्यांत सामान्यतः कमी आढळते. माती आम्लधर्मी असल्यास त्याचे शोषण वाढते.

भाजीवरील जंतू धुतल्याने कमी होतात, शिजवल्याने मरतात. पेशींत शिरलेला धातू मात्र या उपायांनी नाहीसा होत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते. जपानमधील जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातात उतरले आणि लोकांना हाडांच्या असह्य वेदनांचा ‘इताई-इताई’ हा रोग जडला. त्याचे हे कारण तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले.

२०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाऊ लागले. दररोज ४४ कोटी लिटर क्षमतेच्या या योजनेचा हेतू भूजल वाढवणे हा आहे. मात्र दोन टप्प्यांच्या शुद्धीकरणाने जंतू व विरघळलेले धातू पूर्णपणे निघत नाहीत; म्हणून तिसऱ्या टप्प्याची मागणी झाली.

सांडपाण्याचा पुनर्वापर आवश्यकच आहे. त्यासाठी कारखान्यांनी धातू उगमापाशीच वेगळे करणे आणि पाणी व माती नियमितपणे तपासणे गरजेचे आहे. शहर जे गटारात सोडते, तेच भाजीच्या जुडीतून त्याच्या ताटात परत येऊ शकते.