ताप गेला... आणि परत आला!

व्हायरसच्या साथीत सगळ्यांचं लक्ष व्हायरसवर. पण त्याच्या मागोमाग एखादा बॅक्टेरिया गुपचूप आत शिरला तर? आणि तो शिरलेलाच नसताना आपण त्याच्या नावानं गोळ्या खात बसलो तर?

सीन ओळखीचा आहे. सोमवारची सकाळ, घसा खवखवतोय, अंग ठणकतंय आणि दुपारी क्लायंट मीटिंग. रजा टाकायचा प्रश्नच नाही. मग शेजारच्या क्युबिकलमधले ‘डॉक्टर’ आपला ड्रॉवर उघडतात. ‘अरे, अ‍ॅझिथ्रोमायसिन घे. रोज एक, तीन दिवस. एकदम फिट होशील!’ आणि गंमत म्हणजे चौथ्या दिवशी खरंच बरं वाटतं. क्रेडिट अर्थातच गोळीला!

प्रत्यक्षात साधा व्हायरल ताप तीन-चार दिवसांत आपला आपणच उतरतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, एवढंच. अँटिबायोटिक बॅक्टेरियाला मारतं. व्हायरसला त्याचा ढिम्म फरक पडत नाही.

हे सगळं शाळेत शिकलोय, असं म्हणाल. मग २०२० मध्ये काय झालं ते बघा. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भारतात एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचे नेहमीपेक्षा सुमारे ३ कोटी ८० लाख डोस जास्त विकले गेले, असा अंदाज विक्रीच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. आणि उपयोग? ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ ट्रायलमध्ये हॉस्पिटलात दाखल असलेल्या ७ हजारांहून जास्त पेशंट्सवर हे औषध तपासलं गेलं. गोळी घेतलेल्यांपैकी २८ दिवसांत दगावले २२ टक्के. न घेतलेल्यांपैकी? तेही २२ टक्केच!

जगभर हीच गत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं ६५ देशांतल्या साडेचार लाख पेशंट्सची माहिती तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. कोविडसाठी हॉस्पिटलात दाखल झालेल्यांपैकी साधारण ७५ टक्के लोकांना ‘असू दे, लागलं तर’ म्हणून अँटिबायोटिक दिलं गेलं. खरोखर गरज असलेलं बॅक्टेरियल इन्फेक्शन होतं फक्त ८ टक्क्यांना.

म्हणजे बॅक्टेरियाचं टेन्शन घ्यायचंच नाही? थांबा. खरी गोष्ट त्या ८ टक्क्यांचीच आहे.

वॉचमन झोपला की...

आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं. हे केस सतत हलत असतात आणि धूळ, जंतू, चिकट कफ असं सगळं सरकत्या जिन्यासारखं वर ढकलत असतात. फ्लूचा व्हायरस नेमका याच अस्तरावर हल्ला करतो. जिना बंद पडतो, कफ साचतो आणि फुप्फुसातल्या पहारेकरी पेशीही काही दिवस ढिल्या पडतात.

आता दुसरी बाजू. न्यूमोकोकससारखे बॅक्टेरिया कित्येकांच्या नाकाघशात एरवीही मुक्कामाला असतात, काहीही त्रास न देता. सोसायटीचा वॉचमन झोपलेला दिसला की हेच शांत भाडेकरू थेट फुप्फुसात घुसतात. व्हायरस दार फोडतो, चोरी दुसराच करतो! डॉक्टर याला ‘सेकंडरी बॅक्टेरियल न्यूमोनिया’ म्हणतात.

याची सगळ्यात भयानक झलक दिसली १९१८ मध्ये. जूनमध्ये मुंबईच्या बंदराकडून ही साथ आत आली आणि पुढे देशभरात तिनं एक कोटीहून जास्त माणसं नेली, असं इतिहासकार मानतात. ही माणसं नेमकी कशानं गेली? अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये त्या काळात जपून ठेवलेले फुप्फुसाचे ५८ नमुने पुन्हा तपासले. सोबत ८ हजारांहून जास्त शवविच्छेदनांचे जुने अहवाल वाचून काढले. निष्कर्ष असा, की बहुतेक मृत्यू नंतर आलेल्या बॅक्टेरियल न्यूमोनियामुळे झाले. तेव्हा अँटिबायोटिक नावाची चीजच नव्हती. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, आणि ते सर्रास मिळायला लागेपर्यंत १९४० चं दशक उजाडलं.

एक इंटरेस्टिंग किस्सा. त्या काळी पेशंटच्या घशात एक बॅक्टेरिया इतक्या वेळा सापडायचा, की फ्लू त्याच्यामुळेच होतो असं अनेक डॉक्टरांना वाटत होतं. माणसातला खरा फ्लू व्हायरस सापडला १९३३ मध्ये. पण बिचाऱ्या बॅक्टेरियाला चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. आजही तो ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा’च आहे! तान्ह्या बाळांच्या पेंटाव्हॅलंट लशीचा एक भाग याच्याच एका प्रकाराविरुद्ध असतो.

पुणे, ऑगस्ट २००९

स्वाइन फ्लू आठवतोय? ३ ऑगस्ट २००९ ला देशातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला. मग बंद शाळा, ओस पडलेली मल्टिप्लेक्स, मास्कसाठी धावाधाव आणि नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा. त्याच वर्षी अमेरिकेत स्वाइन फ्लूनं दगावलेल्या ७७ जणांच्या फुप्फुसाचे नमुने तपासले गेले. त्यातल्या २२ जणांमध्ये बॅक्टेरियाही सापडला. म्हणजे अँटिबायोटिकच्या जमान्यातही चारातल्या एकाहून जास्त.

कोरोनाचं गणित जरा वेगळं निघालं. तिथे बॅक्टेरिया बहुतेकदा घरून सोबत आलाच नव्हता. तो गाठायचा हॉस्पिटलात. आयसीएमआरनं २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये देशातल्या १० हॉस्पिटल्समधल्या १७,५३४ कोविड पेशंट्सची माहिती गोळा केली. त्यातल्या फक्त ३.६ टक्के लोकांना नंतर बॅक्टेरियाचं किंवा बुरशीचं इन्फेक्शन झालं. पण ज्यांना झालं, त्यांच्यातले ५६.७ टक्के वाचले नाहीत. दाखल झालेल्या सगळ्या पेशंट्सचा विचार केला तर हेच प्रमाण होतं १०.६ टक्के.

असं का? हे पेशंट मुळातच सीरियस होते, हे एक कारण. त्यात व्हेंटिलेटरची नळी घशातून आत गेलेली, शिरेत सुया, लघवीची नळी, शिवाय स्टेरॉइडमुळे दबलेली प्रतिकारशक्ती. जंतूंसाठी सगळी दारं सताड उघडी! शिवाय सापडलेले जंतू साधे नव्हते. क्लेबसिएला आणि असिनेटोबॅक्टर हे आयसीयूतले दादा लोक. त्यातले बरेचसे कार्बापेनेमसारख्या तगड्या औषधांनाही दाद न देणारे.

आणि इथे आपल्या ड्रॉवरमधल्या स्ट्रिपचा संबंध येतो. गरज नसताना घेतलेली प्रत्येक गोळी आपल्या शरीरातल्या बॅक्टेरियासाठी नेट प्रॅक्टिस असते. कच्चे आउट होतात, पक्के टिकतात आणि वाढतात. लाखो लोकांनी हेच केलं की तयार झालेली टीम एक दिवस कुणाच्या तरी आयसीयू बेडपर्यंत पोचते. तो बेड कदाचित आपल्याच बाबांचा असतो.

मग ओळखायचं कसं?

फ्लूनंतरच्या न्यूमोनियाची सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे ‘दुसरा ताप’. ताप उतरतो, दोन-चार दिवस बरं वाटतं, आपण लॅपटॉप उघडून कामालाही लागतो. आणि मग अचानक थंडी वाजून पुन्हा ताप चढतो, खोकला वाढतो, कफाचा रंग गंजासारखा होतो, श्वास घेताना छातीत चमक येते. हा ‘वीकनेस’ नाही, बॉस. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नुसता पिवळा किंवा हिरवा कफ म्हणजे बॅक्टेरिया, हाही एक गोड गैरसमज. व्हायरल सर्दीतही कफ रंग बदलतो. म्हणूनच डॉक्टर छाती तपासतात, एक्स-रे काढतात, रक्त तपासतात, गरज पडली तर कफ कल्चरला पाठवतात. सीआरपी वाढला म्हणून लगेच अँटिबायोटिक असंही नसतं, कारण तो कोविडमध्येही वाढतो. हॉस्पिटलात प्रोकॅल्सिटोनिन नावाची टेस्ट थोडी मदत करते, पण शेवटी सगळी चित्रं जोडून निर्णय घ्यायचा तो डॉक्टरांनीच.

अजून एक बॅक्टेरिया आपल्या देशात विसरून चालत नाही, तो म्हणजे टीबीचा. २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख केसेस नोंदल्या गेल्या होत्या. २०२० मध्ये आकडा आला १८ लाखांवर. टीबी कमी झाला म्हणून नव्हे, तर लॉकडाऊन आणि कोरोनाच्या गोंधळात पेशंट तपासणीपर्यंत पोचलेच नाहीत म्हणून. साथ कुठलीही असो, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की कफाची तपासणी हवीच. त्यात मनानं अँटिबायोटिक घेतलं, तर काही औषधांमुळे टीबी तात्पुरता दबतो आणि निदान आणखी लांबतं.

थोडक्यात, अँटिबायोटिक ही फायर ब्रिगेड आहे. आग लागली की एक मिनिटही उशीर नको. पण रोज गंमत म्हणून बंब बोलावला, तर खऱ्या आगीच्या दिवशी टाकीत पाणी नसेल.

फ्रिजवर लावून ठेवा

- ताप उतरून पुन्हा चढला? वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.
- ऑक्सिजन ९४ च्या खाली, बसल्या जागी मिनिटाला २४ हून जास्त श्वास, ओठ निळसर, बोलण्यात असंबद्धपणा? थेट हॉस्पिटल.
- औषधाच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे? मग प्रिस्क्रिप्शनशिवाय नाही म्हणजे नाही.
- डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर सांगितलेल्या वेळी, सांगितले तितके दिवस घ्या. उरलेली गोळी मित्राला ‘गिफ्ट’ नको.
- आईबाबांना डायबिटीस, दमा किंवा हृदयविकार आहे? फ्लू आणि न्यूमोकोकल लशीबद्दल त्यांच्या डॉक्टरांना या वीकेंडलाच विचारा.
- आणि ताप असेल तर ऑफिसला येऊ नका. मीटिंग फोनवरही होते!