ज्वारीला मातीचे पांघरूण
कोरडवाहू रब्बी ज्वारीचे पाणी विहिरीत नसते. ते काळ्या जमिनीच्या पोटात साठलेले असते. पाऊस सरला की वरचा थर आवळतो, भेगा पडतात आणि ही ओल वाफ होऊन उडून जाते. मग ऐन पोटरीत पीक सुकते. यावर उपाय आहे कोळपणीचा. वरची दोन बोटे माती भुसभुशीत झाली, की खालच्या ओलीची वर येण्याची वाट तुटते. पेरणीनंतर 3 आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, 5 आठवड्यांनी अखंड पासेच्या आणि 8 आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात. रानात तण नाही म्हणून कोळपे टांगून ठेवू नका. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे जाणत्यांचे म्हणणे खरे आहे.